सतरा मायक्रॉन हळद

हळदीच्या डागाला साबण लागला की डाग लाल होतो.

उमरेडच्या घरात माग मोडला, त्याची लाकडं चुलीत गेली. फणी तेवढी बाबांनी भिंतीवर टांगली.

माणसाचा केस साधारण ऐंशी मायक्रॉन जाड. माझा बहात्तर. मोजलाय.

सीताबर्डीत चष्म्याच्या एका दुकानाच्या काचेवर: नजर मोफत तपासून मिळेल. खाली कुणीतरी नखानं खरवडलेलं: आणि नियत?

अर्धा रेघी कागद. वर 'सविनय विनंती अर्ज'. सविनयमधला व इतका दाबून काढलेला की कागद उलटा केला तरी बोटाला लागतो.

"काहून गुमसुम बसून राहिली वं?"

शंभर यायला हवं. आलं पंच्याऐंशी.

साडेदहा वाजले होते. तीन वाजता माझं सादरीकरण होतं, समितीपुढचं शेवटचं. त्यांनी मान डोलावली की प्रबंध द्यायचा आणि पीएचडीची पाच वर्षं संपली. समितीतला कुणी यंत्र दाखवा म्हणाला तर सगळं स्वच्छ असावं म्हणून मी लाकडी डबी उघडली, आतली काच बाहेर काढली, काचेवरची चकती स्पिरिट लावलेल्या पातळ कागदानं पुसायला घेतली, आणि चकती सरकली. ती सरकायलाच हवी, काचेवर ती नुसती ठेवलेली असते. पण सरकली तेव्हा कळलं की इतके दिवस ती सरकत नव्हती. कागदावर पिवळं आलं. गंज, मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं, खोलीत कुणी नसताना. मग कागद घेऊन बेसिनवर गेले आणि साबणाचा एक थेंब टाकला. लाल. हळदीच्या दुसऱ्या दिवशी कपडे धुतलेल्या कुठल्याही बाईला हे माहीत असतं, त्यासाठी भौतिकशास्त्र लागत नाही. मला मात्र त्या क्षणी ते माहीत नसतं तर बरं झालं असतं. गंज म्हणून कागद टोपलीत टाकला असता, चकती पुसून ठेवली असती आणि तीन वाजता साडी नेसून उभी राहिले असते.

चकती टिकलीएवढी, पोलादाची. जाडी शंभर मायक्रॉन, मिलिमीटरचा दहावा भाग, आणि ती तेवढीच आहे असा सहीशिक्क्याचा दाखला तिच्यासोबत आलेला. माझं सगळं काम त्या दाखल्यावर उभं. धानाच्या पानावर प्रकाशाच्या बारीक पट्ट्या पाडायच्या, काळी, पांढरी, काळी, पांढरी. सपाट जागी पट्ट्या सरळ पडतात, उंचवट्यावर वाकतात, जशी लुगड्याची किनार नेसणाऱ्या बाईच्या अंगावर वाकते. कॅमेरा ते वाकणं टिपतो आणि वाकण्यावरून उंची निघते. पानाला हात न लावता पान किती फुगलं, किती सुकलं ते कळतं, ते डोळ्याला कोमेजलेलं दिसण्याच्या कितीतरी आधी. पण यंत्राला वाकणं कळतं, मायक्रॉन कळत नाही. ते सांगावं लागतं. हंगामाच्या सुरुवातीला एकदा चकती दाखवायची आणि सांगायचं, हे शंभर. मग हंगामभर ते त्याच मापानं जग मोजतं. चकतीखाली काही असेल तर यंत्र चकती आणि ते काही मिळून शंभर धरेल. शंका घेणं यंत्राच्या अंगात नसतं, ते माझ्या अंगात असावं म्हणून मला पाच वर्षं फेलोशिप होती.

पुसलेली चकती पुसलेल्या काचेवर ठेवली. पट्ट्या पाडल्या. पंच्याऐंशी. पुन्हा. पंच्याऐंशी. कूलर बंद केला, दार लावलं, श्वास धरला. पंच्याऐंशी पूर्णांक चार. म्हणजे दोन वर्षांपूर्वीच्या दसऱ्यानंतर मी ज्याला शंभर म्हणत आले ते एकशे सतरा होतं. शंभर पोलाद, सतरा हळद. पंधरा टक्क्यांची चूक, आणि पंधरा टक्के हा आकडा मी ओळखत होते, प्रबंधाच्या पहिल्याच पानावर तो ठळक अक्षरात होता. पावसाळ्याच्या हंगामात मी बाजारातलं संकरित धान मोजलं होतं. मग दसरा आला, दिवाळी आली, आणि उन्हाळी हंगामात प्रयोगशाळेतल्या मारोतरावांनी त्यांच्या गावाहून, कुहीहून, आणलेलं त्यांच्या शेतातलं धान मोजलं. त्या धानाला नाव नाही, त्यांच्याकडे त्याला नुसतं घरचं म्हणतात. तेच दिवे, तीच माती, तेवढ्याच दिवसांचं तोडलेलं पाणी. घरच्या धानाचं पान पंधरा टक्के कमी सुकलं. तहान सोसणारं धान. त्यावर शोधनिबंध छापून आला, एका दैनिकात चार ओळी आल्या, मारोतरावांनी त्या चार ओळी प्लास्टिकमध्ये घालून खिशात ठेवल्या. आता मी त्या हंगामाचे सगळे आकडे एकशे सतरानं गुणले आणि शंभरानं भागले. दोन्ही धानं एकमेकांवर येऊन बसली. मध्ये अर्ध्या टक्क्याची फट उरली, तेवढी एकाच कुंडीतल्या दोन पानांतही असते.

"काहून गुमसुम बसून राहिली वं?" मारोतराव चहा घेऊन आत आले. ते आमच्या प्रयोगशाळेचे मदतनीस, अकरा वर्षांपासून, अकरा-अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर. आज इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला. "तुहा आजचा दिवस, अन् तोंड असं का पेपर गेला."

"डोकं दुखून राहिलं काका."

"दुखनच. पाच वर्सं झाले, काय काय कोंबलं त्याच्यात." त्यांनी कप माझ्या हाताशी ठेवला, टेबलावर नाही, स्टुलावर. मोजमापाच्या टेबलावर ते कधी काही ठेवत नाहीत. "मी मागं उभा राहीन. बसाचं नाई. पण आमच्या धानाची गोठ निंगन न, तवा त्या लोकायचे तोंड पाहाचे हाय मले. गावात सारे इचारतात, मारोती, तुह्या धानाले काय सोनं लागलं का? मी म्हनलं सोनं नाई बाप्पा, लेझर लागलं."

"लेझर नाही काका, साधा प्रोजेक्टर."

"त्यायले काय समजते." मग त्यांना कागद दिसला. "कुकू सांडलं का?"

"हळद आहे. साबण लागला."

"हळद? हतं?" त्यांनी उघड्या डबीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. जरा जास्त वेळ. "दसऱ्याची असन," ते म्हणाले आणि कुंड्या धुवायला बेसिनकडे गेले.

कुठलंही माप तीनदा घ्यायचं. तीन वाचनांशिवाय वहीत काही लिहायचं नाही. मॅडमनी हे पहिल्या आठवड्यात शिकवलं.

पहिलं वाचन. दसऱ्याच्या आदल्या दिवशीची दुपार. विभागात सगळीकडे यंत्रांची पूजा चाललेली, झेंडूचा आणि उदबत्तीचा वास जिन्यापर्यंत. मारोतरावांच्या हातात स्टीलची ताटली, वाटीत कालवलेली हळद, वाटीत कुंकू. त्यांचं बोट, ज्याचं नख दारात सापडून निळं झालं आणि तसंच राहिलं, संगणकावर, कपाटाच्या कडीवर, कॅमेऱ्याच्या पेटीवर. मग ते बोट डबीकडे येतं. डबी उघडी आहे. मला बोट स्पष्ट दिसतं, निळं नख, नखाच्या कडेला पिवळं. इतकं स्पष्ट दिसणारं काही खोटं कसं असेल. पण या खोलीत मी पाच दसरे पाहिलेत आणि निळ्या नखावर वर्ष लिहिलेलं नाही.

उमरेडला दसऱ्याच्या दिवशी बाबा पहाटे मागाच्या खड्ड्यात उतरून झाडून घ्यायचे. मी सहा वर्षांची असेन. ताटली माझ्या हातात, आणि मला धोट्याला कुंकू लावायचं होतं, कारण मागावर पळतो तो धोटा, इकडून तिकडे, बाण सुटावा तसा. बाबांनी माझं मनगट धरलं. "आधी फणीले. धोटा पळते, फणी मोजते. मापाची वस्तू आधी." फणीच्या दातांतून ताण्याचा एकेक धागा निघतो, दात सांगतात कुणी कुणापासून किती लांब राहायचं. एक दात वाकला तर लुगड्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत एक विरळ रेघ जाते आणि बाजारात लोक लुगड्याला नावं ठेवतात, फणीला नाही. मी फणीला हळद लावायचे, मग कुंकू, आणि सोनं वाटायला गल्लीत पळायचे. नंतर बाबा काय करत ते मला फार उशिरा कळलं, माग मोडल्यावर, आईच्या बोलण्यातून. मैनाबाई, माझी आई, म्हणाली, "पूजा झाल्यावर तुह्या बापाची अर्धी सकाळ हळद पुसण्यात जाये. दातादातातून, तेलाच्या फडक्यानं. मले म्हने, देव खुश होईन, पण धागा अडकन." पूजेचा पहिला अर्धा भाग माझ्या हातात आला होता. दुसरा अर्धा गल्लीत राहिला. इथे खोलीत मी थंड चहा पीत होते आणि बेसिनवर मारोतराव कुंडीच्या बुडाशी पाणी मारत होते आणि माझ्या डोक्यात एवढंच फिरत होतं, संगणकाला लावतात, कॅमेऱ्याला लावतात, सगळेच लावतात. टिकलीएवढ्या चकतीला कोण लावेल? ती मापाची वस्तू आहे हे कुणाला माहीत?

बारा वाजता चारुलता मॅडम आल्या. माझ्या मार्गदर्शक. पुढच्या वर्षी निवृत्त होणार, मी त्यांची शेवटची विद्यार्थिनी. "स्लाइड्स पाठवल्यास?" त्यांनी दारातूनच विचारलं.

त्या दारात उभ्या असताना मला हो म्हणता आलं असतं. स्लाइड्स तयार होत्या. लाल कागद माझ्या मुठीत होता. चकती स्वच्छ होती आणि स्वच्छ चकती काही बोलत नाही. तीन वाजेपर्यंत तीन तास, मग आयुष्य.

"मॅडम, एक मिनिट आत या."

मी दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. चिमट्यानं चकती उचलून स्वतः ठेवली, स्वतः मोजली. पंच्याऐंशी पूर्णांक सहा. मग त्या माझ्या स्टुलावर बसल्या.

"हे कुणाकुणाला माहीत आहे?"

"तुम्हाला. मला." बेसिनवर पाणी चालू होतं. तिथल्या माणसाला आम्ही दोघींनीही मोजलं नाही.

"घरचं आणि संकरित?"

"सारखं. अर्धा टक्का उरतो."

"म्हणजे काही नाही."

"काही नाही."

त्या पडद्यावरच्या पट्ट्यांकडे वळल्या. "पद्धत टिकते," म्हणाल्या. "दावा जातो. मासिकाला कळवावं लागेल, ते मी कळवते. आज तू हेच सांगशील, सगळं, आकड्यांसकट. समिती मुदतवाढ देईल नाहीतर देणार नाही." आणि मग, खालच्या आवाजात, "पुसून टाकता आलं असतं तुला."

"हो."

"नाही पुसलंस." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. पाच वर्षांत पहिल्यांदा. त्या हाताचं वजन चांगलं वाटलं, इतकं चांगलं की मला तो तिथून हलायला नको होता. "लावली कुणी?"

प्रत्येक प्रश्नाचं उत्तर माझ्यापाशी होतं. हळदीचा कण किती मोठा, कालवल्यावर तो कडेनं आत कसा ओढला जातो, वाळल्यावर कसा धरून बसतो. "दोन वर्षांपूर्वी पूजा झाली होती ना, मॅडम," मी म्हटलं. यात खोटं काही नव्हतं.

"पूजा मला माहीत आहे. टेबलाला हात लावायचा नाही या अटीवर मी हो म्हटलं होतं. कुणी लावली?"

बेसिनवरचा नळ बंद झाला.

"माह्याकडूनच झालं असन, मॅडम," मारोतराव म्हणाले. ओले हात त्यांनी पँटला पुसले, शर्टाला लागू दिले नाहीत.

"डबी बंद असते, मारोतराव."

"उघडी असन तवा. दोन वर्साची गोठ हाय, आता काय सांगाव. माहा हात तं साऱ्यायले लागते."

दुसरं वाचन. तीच दुपार, तीच ताटली. डबी उघडी आहे. ती उघडणारी लहान पितळी किल्ली माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात असते, तेव्हाही असायची, दुसरी किल्ली नाही. बोट डबीकडे येतं. या वेळी नख दिसत नाही. बोट कुणाचं ते दिसायला मनगटापर्यंत जावं लागेल आणि मी मनगटापर्यंत गेले नाही. मी चकतीकडे बघत राहिले. माझं तोंड उघडं होतं असं मला वाटतं. मॅडमचा हात अजून माझ्या खांद्यावर होता.

"तुमची नवी ऑर्डर माझ्या टेबलावर आहे," मॅडम म्हणाल्या. "सही राहिली होती."

"हो, मॅडम."

"ती आता मला करता येणार नाही. एका मुलीची पाच वर्षं आहेत ही, मारोतराव."

"हो, मॅडम. बराबर हाय."

बराबर हाय. साडी नेसताना, स्लाइड बदलताना, जेवणाच्या सुट्टीत भूमिकानं, माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं, निऱ्या धरून दिल्या तेव्हा ते दोन शब्द कानात होते. भूमिका म्हणाली, "तू ग्रेट आहेस यार, मी तर गुपचूप पुसलं असतं." मी म्हटलं, पिन घट्ट लाव. तीन वाजायला वीस मिनिटं असताना मी मॅडमच्या दारापर्यंत गेले. आत त्या मासिकाच्या संपादकांना पत्र लिहीत होत्या, चष्मा नाकावर घसरलेला, आणि टेबलाच्या कोपऱ्यात ऑर्डरचा कागद उपडा ठेवलेला. मॅडम, मी म्हणणार होते. त्यांनी वर पाहिलं आणि हसल्या, थकलेलं, ओळखीचं, आपलं माणूस बघावं तसं. "घाबरू नकोस," म्हणाल्या. "खरं बोलणाऱ्याला काय भीती." "पाणी पिऊन येते," मी म्हटलं.

तीन वाजता मी उभी राहिले. पट्ट्या, पान, चकती, दोन्ही हंगाम. मग ती स्लाइड. तिच्यावरचं वाक्य मॅडमनी सुचवलं होतं: 'पूजेच्या वेळी कर्मचाऱ्याच्या हातून प्रमाण-चकतीखाली हळदीचा थर गेला.' मी ते वाचलं. वाचताना मागच्या भिंतीकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि बघितलं. मारोतराव उभे होते, हात समोर बांधून, पांढरा शर्ट, खिशात प्लास्टिकची कड. बाहेरून आलेले म्हातारे परीक्षक पुढे झुकले. "असे प्रकार दडपणारे मी पुष्कळ पाहिले," ते म्हणाले. "इतिवृत्तात नोंद घ्या, उमेदवारानं चूक स्वतःहून समोर आणली." सहा महिन्यांची मुदत मिळाली. मोजणी पुन्हा, दावा वगळून प्रबंध. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. मागूनही आवाज आला.

व्हरांड्यात ते माझी वाट पाहत थांबले होते. "म्हंजे आमचं धान बाकीच्या धानासारखंच?"

"हो काका."

"कमी तं नाई न निंगालं?"

"नाही. सारखंच आहे."

"मंग काय. गावाले सांगीन, मशीननं पाह्यलं, सारखं निंगालं." त्यांनी खिशातलं प्लास्टिक काढलं, चार ओळी एकदा पाहिल्या, माझ्या हातात दिल्या. "हे तू ठेव. तुहं नाव हाय त्याच्यात."

"काका, त्या दिवशी—"

"बाबाले फोन लाव वं, वाट पाहून राहिला असन बिचारा." ते जिन्याकडे वळले होते. "मले चाब्या जमा कराच्या हाय. ऑफिस पाचाले बंद होते."

बाबांनी पहिल्याच घंटीला उचलला. "झाली का डाक्टर?"

"सहा महिने अजून, बाबा."

"काहून?"

"माप चुकलं."

पलीकडे टीव्ही चालू होता, तो त्यांनी बारीक केला. "कोनाच्या हातून?"

खाली आवारात मारोतराव सायकलचं कुलूप काढत होते. शर्टाच्या पाठीवर इस्त्रीची घडी अजून सरळ होती.

तिसरं वाचन.

त्या वर्षी दसऱ्याच्या आठवड्यात मारोतराव कुहीला धान कापायला गेले होते; पूजेची ताटली माझ्या हातात होती. त्यांच्या सहा दिवसांच्या रजेचा तो अर्ध्या रेघी कागदावरचा अर्ज ऑफिसात मीच नेऊन दिला होता.